जुना कॅमेरा इन्फ्रारेड करण्याआधी गिऱ्हाईक शोधा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड कॅमेरा कसा करतात ते बघितलं. व्हिडिओत वेळ कमी असतो. ‘कसं’ सांगून झालं, पण ‘कोणासाठी’ आणि ‘किती रुपयांसाठी’ हे राहूनच गेलं. धंदा करणाऱ्या माणसाला तेच आधी कळायला हवं. म्हणून आज माझं मत सविस्तर लिहितोय.

माझं मत सरळ आहे. कॅमेरा उघडणं ही या धंद्याची तिसरी पायरी आहे. पहिली पायरी गिऱ्हाईक, दुसरी चाचणी, मग स्क्रू ड्रायव्हर. आणि आपल्या जालना जिल्ह्यात या कॅमेऱ्याचं खरं काम मला लग्नाच्या मांडवात दिसत नाही, मोसंबीच्या बागेतही दिसत नाही. ते लोकांच्या घरात माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या कागदांच्या गाठोड्यात दिसतं. का, ते एकेक करून बघू.

कॅमेऱ्यात नेमकं काय बदलतं?

तुमच्या दुकानात सीसीटीव्ही असेल तर अर्धी गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. संध्याकाळी अंधार पडला की कॅमेऱ्यातून ‘टक’ असा बारीक आवाज येतो आणि चित्र रंगीत होतं ते काळं-पांढरं होतं. त्या वेळी आत एक छोटी काच बाजूला सरकते. ती काच इन्फ्रारेड उजेड अडवण्यासाठी असते. ती सरकली की कॅमेऱ्याला आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड दिसायला लागतो.

माणसाच्या डोळ्याला साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड दिसतो. त्यापुढचा इन्फ्रारेड. विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने तो १८०० मध्ये शोधला. कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि त्याला साधारण १,००० ते १,१०० नॅनोमीटरपर्यंतचं दिसतं. पण तेवढं सगळं आत घेतलं तर फोटोचे रंग बिघडतात, म्हणून कंपनी सेन्सरपुढे ती अडवणारी काच बसवते. सीसीटीव्हीत ती सरकते, फोटोच्या कॅमेऱ्यात ती पक्की असते. रूपांतर म्हणजे ती काच काढायची आणि तिच्या जागी दुसरी बसवायची. बस, एवढंच.

दुसरी काच दोन प्रकारची मिळते. एक गडद काच, जी दिसणारा उजेड अडवते आणि फक्त इन्फ्रारेड आत सोडते. यात ७२० आणि ८५० नॅनोमीटरच्या काचा जास्त वापरतात. दुसरी साधी पारदर्शक काच, जी सगळंच आत सोडते. याला फुल स्पेक्ट्रम म्हणतात. यात हवा तो फिल्टर बाहेरून लेन्सवर लावायचा. धंद्यासाठी मी दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे, कारण एकाच कॅमेऱ्यात तीन कामं होतात. ७२० चा फिल्टर लावा, ८५० चा लावा, किंवा इन्फ्रारेड अडवणारा लावून पुन्हा साधे फोटो काढा. फक्त लाइव्ह व्ह्यू असलेला किंवा मिररलेस कॅमेरा घ्या. गडद फिल्टर लावल्यावर जुन्या पद्धतीच्या व्ह्यूफाइंडरमधून काहीच दिसत नाही. आणि इन्फ्रारेडचा फोकस थोडा सरकतो, तो सेन्सरवरच बघून जुळवावा लागतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो, कारण आपलं गाव सळईचं. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये जाऊन ‘मोटर, पॅनेल गरम झालंय का ते दाखवतो’ असं कोणी विकायला निघालं तर थांबा. उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा वेगळा. तो साधारण ८,००० ते १४,००० नॅनोमीटरच्या पट्ट्यात बघतो आणि त्याचा सेन्सरच निराळा असतो. आपण बदललेल्या कॅमेऱ्याला लालबुंद सळईची धग दिसेल, पण ८० अंशांवर तापलेली तार त्याला थंड तारेसारखीच दिसेल. असं काम अंगावर घेतलं आणि पॅनेल जळालं तर तुमचं नाव गावातून गेलंच म्हणून समजा.

हा विषय आत्ताच का?

कारण जुने कॅमेरे घरोघरी पडून आहेत. जपानच्या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये हाच आकडा ८० लाखांच्या आत होता. मोबाइलने तो बाजार खाल्ला. आपल्याकडे स्टुडिओवाल्यांनी मोठे कॅमेरे घेतले आणि पहिले छोटे कॅमेरे कपाटात ठेवून दिले. म्हणजे कच्चा माल जवळच आहे, आणि कच्चा माल स्वस्तात दिसला की आपल्याला वाटतं धंदा सापडला.

कच्चा माल स्वस्त मिळणं ही सोय आहे. धंदा गिऱ्हाइकाच्या अडचणीतून उभा राहतो. ती अडचण कुठे आहे, ते तीन ठिकाणी शोधू.

पहिलं ठिकाण: लग्न आणि प्री-वेडिंग

इन्फ्रारेडमध्ये झाडं पांढरी दिसतात, आकाश काळंभोर दिसतं. फोटो बघितला की माणूस थांबतोच. अमेरिकेतल्या रॉबर्ट वूड यांनी १९१० मध्ये असे फोटो छापले तेव्हापासून लोक थांबतायत. आपल्याकडे घाणेवाडीचं तळं, दौलताबादचा किल्ला, लोणारचं सरोवर, गावाबाहेरचा एखादा वड, सगळं यात देखणं दिसेल.

पण लग्नात गिऱ्हाईक झाडाचे पैसे देत नाही, नवरीचे देतं. आणि नवरीचं काय होतं बघा. कपड्यांचे बहुतेक रंग इन्फ्रारेड अडवत नाहीत, त्यामुळे लाल शालू पांढरट दिसू शकतो. चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो, डोळे काळेकुट्ट दिसतात, मेंदी फिकी पडते. हळदीच्या फोटोत हळदच नाही! शहरातल्या एखाद्या जोडप्याला हे आवडेलही. पण अल्बम उघडल्यावर ‘पोरीला पांढरं का नेसवलं’ असं आजीने विचारलं तर उत्तर फोटोग्राफरला द्यावं लागेल. माझ्या मते लग्नाच्या पॅकेजमध्ये चार-पाच निसर्गाचे फोटो जादा म्हणून ठीक आहे. त्यावर वेगळा धंदा उभा राहणार नाही.

इथेच एक इशारा. इन्फ्रारेडमध्ये काही पातळ कपड्यांच्या आरपार दिसू शकतं. १९९८ मध्ये सोनी कंपनीच्या नाइटशॉट व्हिडिओ कॅमेऱ्यांवरून याच कारणाने मोठा गाजावाजा झाला होता आणि कंपनीला कॅमेऱ्यात बदल करावा लागला. कोणी तसल्या कामासाठी कॅमेरा बदलून मागितला तर सरळ नाही म्हणा. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणि आयटी कायद्याचं कलम ६६ ई, दोन्ही अशा प्रकारांना लागू होऊ शकतात. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्या दुकानात बायाबापड्या विश्वासाने येतात, तिथे हे चालणारच नाही.

दुसरं ठिकाण: शेत

हे आमिष सगळ्यात मोठं. ‘इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पिकाचा रोग आधीच ओळखा’ असं ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे अख्खा बदनापूर, अंबड, घनसावंगीचा मोसंबी पट्टा येतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बागा आहेत, शेतकरी खर्चही करतो. मग का नको?

यामागचं विज्ञान खरं आहे. निरोगी पानाच्या आतल्या पेशींची रचना अशी असते की इन्फ्रारेड उजेडाचा मोठा भाग परत फेकला जातो. पान खंगलं की हे प्रमाण बदलतं. भारतातल्या रिमोट सेन्सिंगची सुरुवातच या कल्पनेवर झाली. १९७० च्या सुमारास डॉ. पिशारोथ रामा पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळातल्या नारळबागांचे हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर फोटो काढले गेले, झाडांना लागलेला मर रोग ओळखता यावा म्हणून. आज आपल्या राज्यात नागपूरला यासाठी महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग ॲप्लिकेशन सेंटर आहे.

पण त्या प्रयोगामागे शास्त्रज्ञ होते, जमिनीवर जाऊन झाड तपासणारे होते. आपल्याकडे एक जुना कॅमेरा आहे. तो फार तर एवढं सांगेल की हे झाड त्या झाडापेक्षा वेगळं दिसतंय. पाणी कमी पडलं, अन्नद्रव्य कमी पडलं, की बुंध्याला डिंक्या लागला, हे तो सांगत नाही. शिवाय ढग आला, ऊन कललं, कॅमेऱ्याने उजेड आपोआप कमी-जास्त केला, की कालचा आणि आजचा फोटो एकमेकांशी जुळत नाही.

त्यातही, जे तुम्ही विकणार ते फुकटात मिळतं. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर काही दिवसांनी आपल्या शेतावरून जातात, १० मीटरच्या बारकाव्याने लाल आणि इन्फ्रारेड दोन्ही टिपतात आणि ती चित्रं मोफत उघडी असतात. रोगाचं निदान हवं असेल तर खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आहे, बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे. तिथे पान आणि माती घेऊन जाणं हाच योग्य रस्ता. तुमच्या फोटोवर विसंबून शेतकऱ्याने औषध मारलं आणि बाग गेली, तर त्याचं एका हंगामाचं नव्हे, दहा-बारा वर्षांचं नुकसान आहे. माझ्या मते या कामाचे पैसे घेण्याचा आपल्याला हक्क नाही.

तिसरं ठिकाण: ट्रंकेतले कागद

आता माझ्या मुद्द्यावर येतो.

आपल्याकडे कितीतरी घरांत जुनी खतं, वाटणीपत्रं, सावकारी वह्या, पोथ्या आहेत. कुठे मोडीत, कुठे उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे सरकारी कागद उर्दूत सापडतात आणि घरगुती व्यवहाराचे अनेक मोडीत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये निजामकालीन नोंदी तपासायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ज्या आंदोलनानंतर हे झालं ते आपल्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीचं. त्यातलं राजकारण इथे नको. व्यवसायाच्या नजरेने त्यातून एकच गोष्ट दिसली: जुन्या कागदाला अचानक किंमत आली, आणि तो वाचणारी माणसं फार थोडी निघाली.

या कागदांची अडचण काय असते? पावसाचं पाणी लागलेलं, तेलाचे-हळदीचे डाग, कागद तपकिरी झालेला, वरून कोणीतरी निळ्या पेनाने हिशोब लिहिलेला, एखादा जांभळा शिक्का अक्षरावरच बसलेला. मोडी वाचणारा म्हणतो, ‘अक्षर दिसलं तर वाचीन ना!’

इथे इन्फ्रारेड कॅमेरा खरंच कामाचा आहे. बोरूने लिहिलेल्या जुन्या लिखाणात काजळीची शाई असायची. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बन इन्फ्रारेडमध्येही काळाच राहतो. उलट निळ्या बॉलपेनाची शाई, शिक्क्याचे रंग, चहा-हळदीचे डाग, कागदाचा तपकिरीपणा हे बहुतेक वेळा फिके होतात, कधी पूर्णच नाहीसे होतात. म्हणजे नको ते जातं आणि हवं ते राहतं. ही युक्ती काही आजची नाही. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या गुंडाळ्यांचे फोटो १९५० च्या दशकात इन्फ्रारेड फिल्मवरच काढले होते, कारण चामडं काळं पडलं होतं आणि डोळ्यांना अक्षर दिसत नव्हतं.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगतो, कारण गिऱ्हाइकाला त्या आधी सांगाव्या लागतील. लोहयुक्त निळी-काळी शाई असेल तर इन्फ्रारेडमध्ये अक्षरच फिकं होतं. त्या कागदाला हा उपाय उलटा पडतो. कसर किंवा वाळवीने खाल्लेलं अक्षर परत येत नाही. धुऊन गेलेली शाई परत येत नाही. म्हणून आधी एक पान तपासायचं, फरक पडत असेल तरच पुढचं काम घ्यायचं, नाहीतर तसं सांगून कागद परत द्यायचा. अशा ‘नाही’मुळेच पुढचं गिऱ्हाईक येतं.

चाचणी: कॅमेरा न उघडता

आता दुसरी पायरी. यात जवळपास काहीच खर्च नाही.

वर्तमानपत्राचा एक मोठा मथळा घ्या. त्याची काळी शाई कार्बनची असते. त्यावर थोडा चहा सांडा, हळद चोळा, वाळू द्या. मग निळ्या बॉलपेनाने वर गिरगटा. रात्री खोलीतले दिवे बंद करून तो कागद दुकानातल्या सीसीटीव्हीसमोर दोन-तीन फुटांवर धरा आणि स्क्रीनवर बघा. बहुतेक पेनांचं गिरगटणं विरळ होईल, मथळा काळाच राहील. पाच मिनिटांत तुम्हाला आणि तुमच्या पहिल्या गिऱ्हाइकाला सगळं समजेल. शंभर शब्दांच्या जाहिरातीपेक्षा हे भारी.

यापुढची चाचणी फिल्टरने. ७२० नॅनोमीटरचा स्क्रू-इन फिल्टर साध्या, न बदललेल्या कॅमेऱ्यावर लावा. आतली काच इन्फ्रारेड अडवत असते, तरी थोडा उजेड गळून आत येतोच. त्यामुळे १०-२० सेकंदं, कधी त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवावं लागतं. माणसाचा फोटो असा निघणार नाही. पण कागद हलत नाही! ट्रायपॉडवर कॅमेरा, खाली कागद, खिडकीचा उजेड, आणि फोटो निघतो. फरक बदललेल्या कॅमेऱ्याइतका ठळक नसेल, पण काम आहे की नाही हे कळण्यापुरता असतो.

म्हणूनच मी म्हणतो, पहिली दोन-तीन कामं फिल्टरवर करा. कॅमेरा उघडण्याची वेळ तेव्हा येते, जेव्हा फिल्टर पुरा पडत नाही.

मग कॅमेरा कधी उघडायचा? हिशोब करा

समजा एक वही २०० पानांची आहे. फिल्टर लावून एका पानाला फोकस, लांब शटर, पान उलटणं धरून दीड मिनिट लागतं. म्हणजे ५ तास. बदललेल्या कॅमेऱ्याने तेच पान अर्ध्या मिनिटात होतं, म्हणजे १ तास ४० मिनिटं. एका वहीमागे ३ तास २० मिनिटं वाचली. महिन्यात एकच वही येत असेल तर या वेळेसाठी भांडवल गुंतवू नका. चार वह्या येत असतील तर जरूर गुंतवा.

आता पैसे. हे आकडे नमुन्यासाठी आहेत, तुम्ही तुमच्या बाजारात विचारून स्वतःचे भरा.

१. जुना कॅमेरा आणि लेन्स: समजा ८,००० रुपये
२. आतली काच आणि बाहेरचा फिल्टर: समजा ४,००० रुपये
३. फॅब्रिकेशनवाल्याकडून कॅमेरा खाली तोंड करून धरणारा स्टँड: समजा १,५०० रुपये
४. दोन इन्फ्रारेड एलईडी दिवे: समजा १,५०० रुपये

एकूण १५,००० रुपये. एका पानाला २० रुपये घेतले आणि वीज, प्रवास, पेन ड्राइव्ह, मजुरी मिळून ८ रुपये गेले, तर हातात १२ उरतात. १५,००० भागिले १२ म्हणजे १,२५० पानं. म्हणजे अशा सहा वह्या आणि वर थोडी पानं झाली की भांडवल वसूल. आता स्वतःला एकच प्रश्न विचारा: येत्या वर्षात सहा-सात वह्या देणारी माणसं मला कोण-कोण माहीत आहेत? नावं कागदावर लिहा. नावं सुचत नसतील तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा.

दिव्यांबद्दल एक गोष्ट. घरातल्या पांढऱ्या एलईडी बल्बमध्ये इन्फ्रारेड जवळजवळ नसतं. त्या उजेडात बदललेला कॅमेराही आंधळा. हॅलोजनमध्ये भरपूर असतं, पण त्याची उष्णता जुना कागद कडक करते. कडक उन्हात जुना कागद ठेवायचा नाही. म्हणून सीसीटीव्हीसाठी मिळणारे ८५० नॅनोमीटरचे एलईडी दिवे दोन बाजूंनी तिरके लावा. ते थंड असतात आणि आपल्या ओळखीच्या सीसीटीव्हीवाल्याकडे मिळतात.

उघडायचंच ठरलं तर

फ्लॅश असलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यात एक कपॅसिटर असतो. त्यात ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच काळ टिकतो. छोट्या कॅमेऱ्यात तो बोटाला लागेल अशाच जागी असतो. तो सुरक्षितपणे रिकामा कसा करायचा हे माहीत नसेल तर कॅमेरा उघडू नका. यूट्यूब बघून तर नकोच, माझा व्हिडिओ बघूनही नको.

दुसरं, सेन्सरखाली केसासारख्या पातळ चकत्या असतात. कोणती कुठली याचा फोटो काढून ठेवा. एक जरी इकडची तिकडे झाली तर फोटोची एक बाजू कायमची धूसर होते. तिसरं, नवी काच जुन्या काचेच्या ऑप्टिकल जाडीशी जुळणारी हवी, नाहीतर फोकस बिघडतो. चौथं, धूळ. सेन्सर आणि काच यांच्यामध्ये बसलेला कण प्रत्येक फोटोत दिसतो.

मी तर म्हणतो, हे काम स्वतः शिकण्यात महिने घालवू नका. आपल्या बाजारात मोबाइलचा डिस्प्ले आणि आयसी बदलणारी हुशार पोरं आहेत. त्यांच्याकडे मायक्रोस्कोप आहे, हात बसलेला आहे. त्यांना आधी बंद पडलेल्या कॅमेऱ्यावर सराव करू द्या, मग चांगला कॅमेरा द्या आणि रीतसर मजुरी द्या. तुमचं काम गिऱ्हाईक आणि गुणवत्ता सांभाळणं. एकाच माणसाने सगळं करायचं या हट्टापायी आपल्याकडे अनेक धंदे दुकानाच्या शटरबाहेर पडत नाहीत.

सेवा कशी द्यायची

हे पाच नियम मी स्वतःच्या भिंतीवर लावीन असे आहेत.

१. मूळ कागद गिऱ्हाइकाच्या घरातून बाहेर न्यायचा नाही. स्टँड घेऊन आपण जायचं, घरच्या माणसाने समोर बसायचं. पानंही शक्यतो त्यानेच उलटायची.

२. प्रत्येक पानाचे दोन फोटो: एक साधा रंगीत, एक इन्फ्रारेड, दोन्हीला एकच क्रमांक. नुसता इन्फ्रारेड दिला तर निळा शेरा किंवा शिक्का होता हेच कळणार नाही, आणि कधी कधी तो शिक्काच महत्त्वाचा असतो.

३. फोटोत काहीही ‘सुधारायचं’ नाही. उजेड कमी-जास्त करणं वेगळं, पुसट अक्षर गिरवणं वेगळं. दुसरं केलं तर तो बनावट कागद झाला.

४. दाखला, निकाल, मालकी याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. ‘दस्त खरा की खोटा ओळखून देतो’ अशी पाटी लावायची नाही. ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं आणि कोर्टाचं काम. आपण वाचायला सोपं करून देतो, बस. सरकारी कार्यालयातला कागद असेल तर परवानगी आणि नक्कल त्या कार्यालयाकडूनच.

५. काम दिल्यावर आपल्याकडची प्रत किती दिवसांनी पुसणार हे पावतीवर लिहायचं. हे कागद म्हणजे घराघरातल्या वाटण्या आणि भांडणं आहेत. एका भावाचं काम दुसऱ्या भावाला दाखवलं तर दुकान बंद करावं लागेल.

आणि एकट्याने जाऊ नका. मोडी वाचणारा आणि उर्दू वाचणारा, अशा दोघांशी आधी बोला. गिऱ्हाइकाला शेवटी फोटो नको असतो, त्याला कागदात काय लिहिलंय ते हवं असतं. तुमचा फोटो आणि त्यांचं वाचन मिळून एक पूर्ण सेवा होते. त्यांच्या कामाचे पैसे त्यांना थेट मिळू द्या, मध्ये कमिशन काढू नका. तेच तुम्हाला पुढची कामं देतील.

लहान धंदा, पण खरा

हा धंदा करोडोंचा नाही. कोणी तुम्हाला ‘जुना कॅमेरा बदला आणि महिन्याला लाखभर कमवा’ म्हणत असेल तर तो कोर्स विकतोय. मला हा धंदा झेरॉक्स, स्टुडिओ, सीसीटीव्ही किंवा ई-सेवा केंद्राच्या जोडीला चालणारा जोडधंदा वाटतो. ज्याच्या दुकानात कागद घेऊन माणसं आधीच येतात, त्याला तो सोपा जाईल.

पण त्यातलं काम मोठं आहे. १९१० साली तिकडे वूड यांनी पांढऱ्या झाडांचे फोटो छापले, त्याच वर्षी इकडे पुण्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. राजवाडे आयुष्यभर गावोगाव फिरून लोकांच्या घरातले कागद गोळा करत राहिले. ते काम अजून संपलेलं नाही. आपल्या तालुक्यातली दर पावसाळ्यातली गळती, दर दिवाळीची साफसफाई थोडे थोडे कागद संपवतेच आहे. एखाद्या घरचं वाटणीपत्र तुमच्यामुळे वाचता आलं तर त्याचे २० रुपये तुम्ही खरे कमावलेत.

या आठवड्याचा गृहपाठ: सीसीटीव्हीची चाचणी करा. ओळखीतल्या दहा घरांत ‘जुने कागद आहेत का, वाचता येतात का’ एवढंच विचारा. विकू नका, फक्त विचारा. दहापैकी तीन घरांनी ट्रंक उघडली तर फिल्टर घ्या. फिल्टरवर काम आवरेनासं झालं तर कॅमेरा उघडा. आणि एकाही घराने उघडली नाही तर तुमचे १५,००० रुपये वाचले, हीही कमाईच आहे.

तुम्हाला काय सापडलं ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.